वरातीमागून कॅमेरा

श्रीमान फेलिचे बेआतो, फोटोग्राफर, यांस,
मुक्काम फ्लॉरेन्स (१९०९ पासून कायमचा)



पत्राला उशीर झाला आहे, पण उशिराबद्दल तुम्ही तरी कुरकुर करू नये. उशिरा पोहोचणं हा तुमच्या धंद्याचा पायाच होता. सेव्हास्तोपोल पडलं सप्टेंबर १८५५ मध्ये; तोफा थंड झाल्यावर तुम्ही तुमचे मेहुणे जेम्स रॉबर्टसन यांच्या जोडीनं तिथले पडके बुरूज टिपलेत. दिल्ली पडली सप्टेंबर १८५७ मध्ये. तुम्ही कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरलात फेब्रुवारी १८५८ मध्ये. सुदानात जनरल गॉर्डन जानेवारी १८८५ मध्ये मारला गेला, आणि त्यानंतर काही महिन्यांनी तुम्ही सामानसुमान घेऊन हजर. ब्रह्मदेशचा राजा थिबा गादीवरून उतरून मद्रासमार्गे आमच्या रत्नागिरीत येऊन पडला, मग तुम्ही मंडालेकडे निघालात. आमच्याकडे याला वरातीमागून घोडं म्हणतात.

तरी माझी तक्रार उशिराची नाही. उशिरा आलेला पाहुणा निदान ओशाळतो, मागच्या रांगेत बसतो. तुम्ही आलात आणि संपलेली लढाई पुन्हा मांडायला घेतलीत.

सिकंदरबागेचंच बघू. लखनौचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह, त्यानं बेगम सिकंदर महलसाठी केलेली ही बाग. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सर कॉलिन कॅम्बेल यांच्या फौजेतली ९३वी हायलँडर्स आणि ४थी पंजाब पलटण भिंतीच्या भगदाडातून आत घुसल्या. आतल्या सुमारे २००० बंडवाल्यांना बाहेर पडायला वाट उरली नाही. कत्तल झाली. रेसिडेन्सीत अडकलेली गोरी माणसं सोडवून फौज परत गेली, मार्च १८५८ मध्ये पुन्हा आली, शहर घेतलं, आणि तिच्या मागोमाग तुमची पेटारी आली.

मधे चार महिने गेले होते. पण तुमच्यासारखा कलावंत चार महिन्यांना बधतो थोडाच! जॉर्ज कॅम्बेल नावाचे एक मुलकी अधिकारी तेव्हा लखनौत होते. (हे कॅम्बेल निराळे. त्या साली लखनौत दगड भिरकावला असता तर तो एखाद्या कॅम्बेललाच लागला असता.) पुढे ते बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले, म्हणजे बंडवाल्यांचे कैवारी नक्कीच नव्हेत. त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलं आहे की प्रेतांचा ढीग रीतसर झाकून टाकलेला होता. फोटोग्राफरनं हट्ट धरला म्हणून शेवटची विल्हेवाट लावण्याआधी तो पुन्हा उघडा केला गेला.

काय ही निष्ठा! आमच्याकडे मेलेल्या माणसाचं तोंड शेवटचं बघायला लांबून नातेवाईक येतात, तर तेही फार तर तोंडावरचं कापड सारतात. तुमचं त्यांच्याशी नातं नाही, गोत्र नाही, आणि तुम्ही त्यांच्यावरची मातीच सारायला लावलीत.

फोटो मात्र झकास आला आहे, हे कबूल केलंच पाहिजे. मागे खांबांची, गोळ्यांनी चाळण झालेली इमारत. पुढच्या अंगणात कवट्या, बरगड्या, मांड्यांची हाडं. मधे चार हिंदी माणसं आणि एक घोडा. पडक्या इमारतीची उंची समजावी म्हणून बाजूला मोजपट्टी उभी करावी, तशी ती माणसं उभी केलेली. आणि खाली तुमचा लांबलचक मथळा. मथळ्यात ९३वी पलटण आहे, पंजाब पलटण आहे, सर कॉलिन कॅम्बेल आहेत, २००० चा आकडा आहे, महिना आहे, साल आहे. त्या चौघांची नावं नाहीत. घोड्याचंही नाही. तेवढ्यापुरता तुमचा न्याय समान म्हणायचा.

आता तुमचे चाहते मला दटावतील. म्हणतील, बाबा रे, तेव्हाचं तंत्रच तसं होतं. काचेवर अंड्याच्या पांढऱ्याचा थर द्यायचा, रसायनं चढवायची, भिंग उघडून वाट बघत बसायचं. चालती लढाई टिपायची सोयच नव्हती. सैनिक धावला की काचेवर नुसता धूर. अगदी खरं. मुडद्यांचा हा मोठा गुण, ते हलत नाहीत. जिवंत माणसाला मात्र स्टुडिओत मानेमागे लोखंडी चिमटा लावून बसवावं लागे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या फोटोतले सेनापती इतके ताठ, इतके करारी, इतके जिवावर उदार का दिसतात, याचं निम्मं श्रेय त्या चिमट्याला आहे. मान अवघडली की चेहऱ्यावर आपोआप साम्राज्य येतं.

पण तंत्राची सबब पुढे करू नका, कारण त्याच लखनौत, त्याच दशकात, दुसरा एक माणूस हेच तंत्र वापरत होता. अहमद अली खान, हुसैनाबाद इमामबाड्याचा दरोगा. लोक त्याला छोटे मियाँ म्हणत. उठाव होण्याआधी यानं नवाबाच्या घराण्यातल्या माणसांचे फोटो काढले, आणि लखनौत राहणाऱ्या इंग्रज साहेबांचे, त्यांच्या मडमांचे, पोरांचेही. त्यातले बरेच पुढे रेसिडेन्सीच्या वेढ्यात सापडले. हिंदी माणसानं काढलेल्या फोटोत गोरी माणसं घरच्या कपड्यांत, आपापल्या नावानिशी बसली आहेत. वर्ष-दोन वर्षांनी तुम्ही आलात आणि त्याच शहरातल्या हिंदी माणसांची हाडं टिपलीत. इकडे मुंबईत तर १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, आणि भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी कॅमेऱ्यामागे उभे राहत होते. तेव्हा नेटिवांना कॅमेरा ठाऊक नव्हता, ही समजूतही राहू द्या.

जिवंत माणसांकडे तुमचं लक्ष नव्हतं, असा आरोप मात्र मी करणार नाही. होतं की! हॉडसन्स हॉर्स या रिसाल्याचा तुमचा १८५८ चा फोटो बघा. लेफ्टनंट क्लिफर्ड मेचॅम आणि असिस्टंट सर्जन थॉमस अँडरसन, सोबत शीख स्वार. विजेत्या सैन्याची ऐट कशी दाखवावी याचा हा पहिलाच धडा म्हणावा इतका नेमका. साहेब नुसता साहेब दिसत नाही. पूर्वेचा पोशाख, पूर्वेची माणसं भोवती, आणि तरी नजर सांगते की मालक कोण. संग्रहालयातल्या नोंदीत मेचॅम आहेत, अँडरसन आहेत. स्वार म्हणजे नुसतेच ‘शीख स्वार’. ज्यांच्या तलवारीवर लखनौ पडलं, तेच मागच्या पडद्याचं काम करताहेत.

ज्याच्या नावानं हा रिसाला, तो विल्यम हॉडसन मार्च १८५८ मध्येच लखनौच्या बेगम कोठीत मारला गेला. त्यानं आधीच्या सप्टेंबरात दिल्लीत मोगल शाहजाद्यांना स्वतःच्या हातानं गोळ्या घातल्या होत्या. त्यातल्या दोघांचा बाप आणि तिसऱ्याचा आजोबा बहादूरशाह जफर. बाबरापासून चालत आलेल्या घराण्यात कॅमेऱ्यापुढे आलेला हा एकटाच बादशहा, तोही कैदेत, खाटेवर. तो फोटो तुम्ही काढला नाही. टायटलर आणि शेपर्ड यांचा आहे. पण तऱ्हा तुमचीच, गादी गेल्यावर तसबीर.

आणि झाशीच्या राणीचा तर एकही निर्विवाद फोटो नाही. अधूनमधून कुणीतरी एक जुनी काच पुढे करतं, वर्तमानपत्रांत दोन दिवस धुरळा उडतो, मग तज्ज्ञ माना हलवतात. आता तिचा पुतळा करणारे शिल्पकार तिचा चेहरा आपापल्या मनानं घडवतात, आणि ते काही वाईट नाही झालं. तुमच्या मथळ्याखाली आली असती तर काय लिहिलं असतंत, याची कल्पना आहे.

चीनकडे वळू. तिथं तुम्ही एकदाच वेळेवर पोहोचलात, आणि देवा, काय ती हौस! २१ ऑगस्ट १८६० रोजी इंग्रज आणि फ्रेंचांनी टाकूचा उत्तरेकडचा किल्ला घेतला. तुम्ही काही तासांत आत. लष्करी डॉक्टर डेव्हिड रेनी तिथं होते. त्यांनी लिहिलं आहे की चिनी प्रेतांचा एक घोळका पाहून तुम्ही हरखून गेलात, त्याला सुंदर म्हणालात, आणि आपला फोटो होईस्तोवर कुणी त्यांना हात लावू नये म्हणून गयावया केलीत. रेनी डॉक्टर होते, त्यांनी मुडदे कमी पाहिले नसतील. पण मुडद्यांना ‘जरा थांबा’ म्हणणारा माणूस त्यांनाही नवा असावा.

त्या फोटोत दोस्त फौजांचा एकही मेलेला सैनिक नाही. त्या हल्ल्यात इंग्रज मेले, फ्रेंच मेले, पण तुमच्या काचेवर मरण फक्त चिन्यांना आलं. विजेत्याचं शरीर कायम उभं, अखंड, बटणं लावलेलं. हरलेल्याचं शरीर आडवं. ही विभागणी तुम्ही इतक्या साळसूदपणे केलीत, की बघणाऱ्याला तो निसर्गनियमच वाटावा.

मग २४ ऑक्टोबरचा पेकिंगचा करार. आधीच्या आठवड्यात लॉर्ड एल्गिन यांच्या हुकमानं बादशहाचा उन्हाळी राजवाडा जाळून टाकलेला. हेच एल्गिन दोन वर्षांनी आमच्याकडे व्हाइसरॉय म्हणून आले आणि धरमशाळेत वारले. तर त्यांच्यासमोर चीनच्या बादशहाचा भाऊ, राजपुत्र गोंग, सही करायला बसलेला. वय २७, जवळपास तुमच्याच बरोबरीचा. समारंभ ऐन रंगात असताना तुम्ही तुमचं अवजड धूड दारात आणून उभं केलंत आणि भिंग नेमकं त्याच्या छातीवर रोखलंत. सेनापती होप ग्रँट यांनी वर्णन केलं आहे, राजपुत्र पांढराफटक पडला. आता या नळीतून गोळा सुटतो आणि आपलं डोकं उडतं, असंच त्याला वाटलं. शेवटी कुणीतरी समजूत घातली की हे यंत्र निरुपद्रवी आहे.

ही समजूत घालणारा माणूस मला भेटायला हवा होता. कारण माझ्या मते त्या दिवशी त्या दालनात परिस्थिती अचूक ओळखणारा एकटा राजपुत्र गोंग होता. राजवाड्याची राख अजून उडत होती, दाराबाहेर परक्या फौजा उभ्या होत्या, आणि समोर नळी रोखलेली. तिला शस्त्र म्हणायचं नाही तर काय कंदील म्हणायचं? आणि गंमत अशी की उजेड अपुरा पडला. तहाचा तुमचा फोटो फसला! आठवड्याभरानं, २ नोव्हेंबरला, तुम्ही त्याला पुन्हा बसवलंत. तो फोटो आहे. थकलेला, खांदे उतरलेला तरुण. युरोपात पुढे कित्येकांना चीन म्हटलं की हाच चेहरा दिसला, हरलेला, पण सभ्य. लंडनला परत जाऊन तुम्ही हिंदुस्थान आणि चीनचे मिळून ४०० फोटो हेन्री हेरिंग नावाच्या व्यावसायिक फोटोग्राफरला विकलेत. लढाईवरून परतलेल्या साहेबांना आपल्या पराक्रमाचे आल्बम हवेच होते.

जपानात मात्र तुमची गोची झाली असणार. योकोहामात बस्तान बसवलंत १८६३ मध्ये. पुढच्या वर्षी शिमोनोसेकीला जपानी तोफा जप्त झाल्या तिथं होतात, चांगलं काम मिळालं. पण एरवी हा देश हरायला तयार नाही. मग तुम्ही स्टुडिओत सामुराई तयार केलेत. चिलखत, शिरस्त्राण, दोन तलवारी, मागे रंगवलेला पडदा, आणि वर स्थानिक चित्रकारांच्या हातून जलरंग. १८६८ मध्ये ‘नेटिव टाइप्स’ म्हणून १०० फोटोंचा आल्बमच काढलात. त्याच साली शोगुनची सत्ता संपली, आणि १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगायची बंदी झाली. म्हणजे ज्याची तलवार जाणार, त्याची तसबीर तुमच्या दुकानात. गिऱ्हाईक कोण, तर बोटीतून उतरलेले गोरे प्रवासी.

जपानी मात्र तुमच्याहून वस्ताद निघाले. १८७३ मध्ये सम्राट मेइजीनं आपला फोटो काढवून घेतला तो उचिदा कुइची या जपानी फोटोग्राफरकडून, तोही पाश्चात्त्य धाटणीच्या लष्करी गणवेशात, तलवार हाताशी घेऊन. आधीच्या वर्षीचा दरबारी पोशाख गेला कपाटात. तुम्ही जुनं चिलखत परदेशी लोकांना विकत होतात, आणि ज्याच्या हाती खरी सत्ता आली होती त्यानं ठरवलं की आपण कसं दिसायचं ते आपण ठरवू. गुरूची विद्या गुरूवर, म्हणतात ती हीच! अर्थात पुढे कोरियात आणि चीनमध्ये जपानी फौजांनी त्या विद्येचं काय केलं, तो विषय निराळ्या पत्राचा.

कोरियाचं नाव निघालंच आहे तर १८७१. अमेरिकी आरमाराची मोहीम, ‘कोलोराडो’ हे जहाज, आणि त्यावर तुम्ही सरकारी फोटोग्राफर. लढाईआधी काही कोरियन माणसं जहाजावर आली. त्यातल्या एकाच्या हातांत रिकाम्या बिअरच्या बाटल्या आणि एक अमेरिकन साप्ताहिक देऊन तुम्ही फोटो काढलात. बिचारा हसतोय. पाहुणचार समजला असावा. जून महिन्यात गांघ्वा बेटावरचा किल्ला पडला, दोनशेहून जास्त कोरियन मेले, सेनापती ओ जे-योन मेला, आणि त्याचा पीतवर्णी प्रचंड ध्वज जहाजावर आणला गेला. ध्वजापुढे तीन अमेरिकन सैनिक उभे करून तुम्ही पुन्हा फोटो काढलात. कॉर्पोरल चार्ल्स ब्राउन, प्रायव्हेट ह्यू पर्व्हिस, कॅप्टन मॅक्लेन टिल्टन. बघा, नावं कशी घडाघडा सांगता येतात! बाटल्यावाल्याचं नाव सांगा आता. ध्वज अमेरिकेतल्या नौदल अकादमीत गेला. कोरियाला तो २००७ मध्ये मिळाला, तोही उसना.

आता तुम्हाला एका माणसाची ओळख करून देतो. विष्णुभट गोडसे, राहणार वरसई, तालुका पेण. तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. घरावर कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघाले आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडले. तुम्ही लखनौत काचा धूत होतात त्याच सुमारास, मार्च-एप्रिल १८५८ मध्ये, हा भिक्षुक ब्राह्मण वेढा पडलेल्या झाशीत होता. तोफा, आग, कत्तल, लूट, तहान, सगळं डोळ्यांनी पाहिलं. बरोबर यंत्र नाही, रसायन नाही. पंचवीसेक वर्षांनी आठवून त्यानं लिहून काढलं, ते चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं. आठवणीत चुका आहेत, ऐकीव गोष्टी आहेत, तारखा इकडच्या तिकडे आहेत. इतिहासकारांना त्यावर बोट ठेवता येतं. पण भटजींच्या झाशीतली माणसं बोलतात, घाबरतात, पाणी मागतात. तुमचा फोटो रेषेइतकाही चुकत नाही आणि त्यात कुणी श्वास घेत नाही. साक्षीदार म्हणून दोघांत कुणाला बोलवायचं, असं मला विचारलं तर मी वरसईला माणूस पाठवीन.

बरं, सिकंदरबागेत आज काय आहे, ठाऊक आहे? भिंतीचा थोडा भाग आणि एक दरवाजा शिल्लक आहे, आणि बाहेर एका बाईचा पुतळा आहे. उदा देवी, पासी समाजातली. पिंपळावर चढून तिनं इंग्रजांवर गोळ्या झाडल्या, असं लोक सांगतात. झाडावरून टिपून पाडल्यावर ती बाई असल्याचं कळलं, हे तर ९३व्या पलटणीतल्याच एका माणसानं लिहिलं आहे. त्यानं नाव लिहिलं नाही. नाव तिच्या लोकांनी दिलं. तुमच्या मथळ्यातल्या २००० पैकी एकीला तरी चेहरा मिळाला, तुमच्या मदतीशिवाय.

नाव हरवलं की काय होतं, हे तुम्हालाही थोडं चाखायला मिळालं म्हणा. तुमचे बंधू अंतोनियो इजिप्तमध्ये फोटो काढत. स्फिंक्सपुढे जपानी सामुराईंचा तो गाजलेला १८६४ चा फोटो त्यांचा. दोघांच्या सह्या अशा गुंतल्या की १९८० च्या दशकापर्यंत लोक तुम्हा दोघांना एकच माणूस समजत होते, आणि एकच माणूस इतक्या ठिकाणी कसा, म्हणून थक्क होत होते. तुम्ही ब्रह्मदेशात वारलात असं कित्येक वर्षं पुस्तकांत छापलं गेलं. २००९ मध्ये मृत्यूचा दाखला सापडला तेव्हा कळलं, २९ जानेवारी १९०९, फ्लॉरेन्स. तुमच्यासाठी निदान कुणी दाखला शोधला.

तुमचे लखनौचे फोटो आता दिल्लीत, आमच्या पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझींनी जमवलेल्या संग्रहात सुखरूप आहेत. नाटकवाल्या माणसानं ते जमवावेत, हे मला फार उचित वाटतं. त्या संग्रहात जाऊन हिंदी माणसं आता तुमच्या मथळ्यांकडे डोळे बारीक करून बघतात आणि तिथं काय लिहायचं राहिलं ते शोधतात. काम किचकट आहे. तुम्ही कुठे वही ठेवली असेल, नावांची, मजुरीची, कुणाला कुठं उभं केलं त्याची, तर पाठवून द्यावी. टपालखर्च आम्ही सोसू.

कळावे. लोभ नव्हताच, तो वाढवू नये.

आपला,
एक नेटिव टाइप

ता. क. मंडालेत तुमच्या आधी कर्नल विलोबी वॉलेस हूपर पोहोचले होते. तेही हौशी फोटोग्राफर, शिवाय लष्करी पोलिसांचे प्रमुख, म्हणजे फायरिंग स्क्वाड आणि कॅमेरा दोन्ही एकाच्याच हाती. जानेवारी १८८६ मध्ये त्यांनी दरोडेखोर ठरवलेल्या ब्रह्मी माणसांना गोळ्या घालताना भिंग तयार होईपर्यंत हुकूम लांबवला, नेमका क्षण साधावा म्हणून. विलायतेत बोभाटा झाला, चौकशी बसली, ताशेरे ओढले गेले. त्यांनी जिवंत माणसांना थांबायला लावलं. तुम्ही मेलेल्यांना परत बोलावलंत. त्यांची चौकशी झाली. तुमचं २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात प्रदर्शन भरलं.